फेल्टनच्या दरीतून, काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

"माझं नाव कुठे छापू नकोस," असं निघताना बजावलं होतंत, म्हणून नुसतं काका. वाचणाऱ्यांसाठी एवढं पुरे की तुम्ही माझ्या मैत्रिणीचे सासरे, सिंहगडावरच्या टॉवरखाली नोकरीची वर्षं काढलेले, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे कॅलिफोर्नियात आलात तेव्हा आमचा मुका स्कॅनर, म्हणजे बंबवाल्यांची, पोलिसांची रेडिओवरची बोलणी ऐकायचा संच, बोलता करून गेलात.

आमचं फेल्टन सांता क्रूझच्या डोंगरात, सान लोरेन्झो नदीच्या खोऱ्यात वसलेलं. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा पडून इथे वणवा पेटला. ८६,५०९ एकर जळलं, जवळजवळ दीड हजार इमारती गेल्या, बिग बेसिन हे राज्यातलं सगळ्यात जुनं उद्यान काळं पडलं. फेल्टन वाचलं, पण लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. या खोऱ्यात वीज गेली की मागोमाग मोबाइलही मान टाकतो, आणि बाहेर काय चाललंय ते नेमकं त्याच वेळी कळायला हवं असतं. म्हणून दोन पेन्सिल सेलवर चालणारा युनिडेन कंपनीचा बीसी१२५एटी हा स्कॅनर आणला. पेटीतून काढला, चालू केला, नुसती खरखर. शेजाऱ्यांनी फ्रिक्वेन्सींची लांबलचक यादी दिली, ती बघून तर मी तो कपाटातच ठेवून दिला होता.

तुमचा पहिला प्रश्न फ्रिक्वेन्सीचा नव्हताच. "हे ऐकायला परवानगी आहे का?" भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं विनापरवाना बिनतारी संच बाळगणंच गुन्हा ठरवलं होतं. त्या कायद्यात मुरलेल्या माणसाला दिवाणखान्यात बसून अग्निशमन दलाचं बोलणं ऐकणं पचनी पडेना. मग तुम्ही नातवाला शेजारी बसवून कायदा वाचून घेतलात. पोलीस, अग्निशमन यांचं जे बोलणं कोणालाही सहज ऐकू येईल असं उघडं असतं, ते ऐकायला अमेरिकेच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्यानं मुभा आहे. मोबाइलवरचं बोलणं ऐकायला नाही. कॅलिफोर्नियात ऐकलेलं गुन्ह्याच्या कामी वापरलं तर शिक्षा, आणि न्यूयॉर्कमध्ये असा संच गाडीत ठेवण्यावरच बंधनं. एवढी खातरजमा झाल्यावर तुम्ही चष्मा पुसलात. मला त्या वेळी हसू आवरलं नव्हतं, आज मात्र त्या शिस्तीचं मोल कळतं.

नंतर तुम्ही यादीवर काट मारत सुटलात. सातशे-आठशे मेगाहर्ट्झचं जे जे होतं ते सगळं गेलं, कारण आमचा संच ५१२ च्या वर जातच नाही. पी-२५ असं लिहिलेलं गेलं, कारण ते डिजिटल, आणि आमच्या अ‍ॅनालॉग संचावर त्याची नुसती घरघर येते. पोलिसांचं बरंचसं त्यातच गेलं. मी नाराज झाले तेव्हा तुम्ही सांगितलंत की ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागानं लोकांची खासगी माहिती रेडिओवर उघडी पडू नये असं परिपत्रक काढलं, आणि त्यानंतर अनेक शहरांनी पोलिसांचं बोलणं कूटबद्ध केलं. पालो आल्टोनं तसं केलं आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडं केलं. "महागडा संच घेतलास तरी कुलूप लावलेलं ऐकू येणार नाही. आणि तुला चोर कुठे पळाला ते हवंय, की आग कुठे आली ते?"

आग. मग राहिलं ते मोजकंच. या संचात दहा बँका, म्हणजे फ्रिक्वेन्सी साठवायचे कप्पे, प्रत्येकीत पन्नास जागा. तुम्ही अर्ध्याही भरल्या नाहीत. पहिल्या बँकेत खोऱ्यातलं अग्निशमन. दुसरीत कॅल फायर, राज्याचं वणवा विझवणारं दल, १५१ मेगाहर्ट्झच्या आसपासचं. तिसरीत वेगवेगळी दलं एकत्र आली की वापरतात त्या सामाईक जागा: १५४.२८०, १५४.२६५, १५४.२९५ आणि कॅलकॉर्डची, म्हणजे राज्यभर घटनास्थळी समन्वयासाठी ठेवलेली, १५६.०७५. हवामान खात्याच्या १६२.४०० ते १६२.५५० मधल्या सातही जागा तुम्ही परसात फिरून ऐकल्यात आणि स्पष्ट येणारी मला दाखवलीत. विमानांसाठी एक बँक वेगळी ठेवलीत, कारण त्यांचं बोलणं एएमवर असतं. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएमवर निदान शिट्टीसारखा आवाज येऊन कळतं की आणखी कोणीतरी बोलतंय. आकाशात ते कळणं किती मोलाचं, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

संगणकाला केबल लावून हे सगळं काही मिनिटांत भरता आलं असतं. तुम्ही भरू दिलं नाहीत. एकेक फ्रिक्वेन्सी माझ्याकडून बटणं दाबून घातलीत. "वणव्याच्या वेळी ते नवी जागा सांगतील, वीज नसेल, लॅपटॉप बंद असेल. मग?" शिवाय प्रत्येक जागेला सोळा अक्षरांत नाव देता येतं म्हटल्यावर तुम्ही रोमन लिपीत चक्क मराठी नावं घातलीत: 'बंब १', 'बंब २', 'डोंगर माथा', 'पाऊस वारा'. दोन सेकंदांचा डिले ठेवलात, म्हणजे प्रश्न ऐकू आला की उत्तर येईपर्यंत संच पुढे पळत नाही. 'बंब १' ला प्रायॉरिटी दिलीत, म्हणजे बाकीचं ऐकतानाही संच मधूनमधून तिथे डोकावतो.

टोनची भानगड तुम्ही ज्या तऱ्हेनं समजावलीत ती मी इथल्या कित्येकांना सांगितली आहे. कॅल फायरची माणसं फ्रिक्वेन्सीबरोबर 'टोन ८' असं काहीतरी म्हणतात. तुम्ही कागदावर सह्याद्री काढलात: सिंहगड, तोरणा, राजगड, तिन्ही माथ्यांवर एकाच फ्रिक्वेन्सीचे रिपीटर, म्हणजे आलेलं बोलणं पुढे लांबवर पोचवणारे संच. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एक बारीक सूर असतो, टोन ८ चा १०३.५ हर्ट्झ, आणि कोणत्या माथ्यानं जागं व्हायचं ते त्या सुरावर ठरतं. ऐकणाऱ्याला तो घालावा लागत नाही, पण घातला तर नको ते गाळलं जातं. तुम्ही घातला नाहीत. "गाळण्याच्या नादात कामाचं हुकलं तर?"

मात्र ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट फ्रिक्वेन्सीची नाही. ऐकलेल्याचं काय करायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. पहिला बंब पोचतो आणि सांगतो, 'एक एकर, मॉडरेट रेट ऑफ स्प्रेड', म्हणजे आग मध्यम वेगानं पसरतेय. तो त्या माणसाला त्या क्षणी दिसलेला अंदाज असतो, अर्ध्या तासात तो बदलतो. तो उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. घर सोडण्याचा हुकूम काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडून येतो, तो आला की निघायचं. स्कॅनरवर काही ऐकू येत नाही म्हणून थांबायचं नाही. आणि स्कॅनरवर ऐकून घाबरलीस तर हुकमाची वाटही बघू नकोस, असंही तुम्ही जोडलंत.

गेल्या सप्टेंबरात संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यामागे धूर दिसला. गल्लीतल्या गटावर दहा मिनिटांत तीन वेगवेगळी ठिकाणं फिरू लागली. मी 'बंब २' वर थांबले. आधी पत्ता आला, मग विमान मागवल्याचं, मग बराच वेळ पाण्याच्या टँकरची बोलणी. आम्ही पिशव्या गाडीत टाकल्या, मांजर पिंजऱ्यात घातलं आणि दाराशी बसून राहिलो. 'फॉरवर्ड प्रोग्रेस स्टॉप्ड', आग पुढे सरकायची थांबली, हे शब्द आले तेव्हा नवऱ्यानं मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं. गटावर मी एक ओळही टाकली नव्हती, याचा तुम्हाला आनंद होईल.

आणि हो, दहावी बँक! तिथे तुम्ही गुपचूप १४५.८०० घालून गेलात आणि सांगितलंत काहीच नाही. लेकीला शोधाशोध केल्यावर कळलं की तिथे अंतराळ स्थानकावरून येणारं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांशी होणारं, बोलणं ऐकू येतं. स्थानक डोक्यावरून जाण्याच्या वेळा आता तिनं फ्रिजवर चिकटवल्यात. एका रविवारी खरंच एक अस्पष्ट माणूस काहीतरी बोलला. तो कोण, हे ती तुम्हाला फोनवर स्वतःच विचारणार आहे.

खालच्या वळणावरच्या शेजारणीचा स्कॅनर मी तुमच्याच यादीवरून भरून दिला. तिच्यासाठी नावं इंग्रजीत केली, पण 'बंब' तिला फार आवडला, तो तसाच हवा म्हणाली. तेव्हा काका, या खोऱ्यात सध्या दोन संचांवर बंब धावतोय. पुढच्या खेपेला लांब अँटेनाचं बघायचं आहे. छपरावर चढायला नवरा तयार आहे, तुम्ही खालून सूचना द्यायच्या. काकूंना नमस्कार.

तुमची,
सूनबाईंची फेल्टनवाली मैत्रीण