नोईच्या आईनं आकडा सांगितला

बँकॉक

प्रिय दिन्या,

तब्येत ठीक आहे, गुडघाही दुखत नाही. यातलं आईला एवढ्यात काही बोलू नकोस.

नोईच्या घरून आमच्या लग्नाचा आकडा आला, म्हणजे मी किती द्यायचं तो. 2 लाख बाट रोख, वर 2 बाट सोनं. (इथं सोनंही बाटमध्येच तोलतात, 1 बाट म्हणजे 15 ग्रॅमहून जरासं जास्त.) सोनं नवरीला, रोख तिच्या आईवडिलांना; त्या रोख रकमेला सिनसोत म्हणतात. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नानाच्या लग्नात हुंड्याचं कळल्यावर भरल्या पंगतीतून आपण दोघंच उठलो होतो. तू तर पानातली जिलबी सोडून उठलास, आणि जिलबी सोडणारा दिन्या त्यानंतर कुणी पाहिला नाही.

मध्यंतरी तिच्या चुलतबहिणीचं लग्न झालं, खोन केनजवळच्या गावात. नवऱ्याकडची मंडळी केळीचे न् उसाचे खुंट घेऊन, लांबुळके ढोल बडवत निघाली. दारात पोरींनी सोन्याची साखळी आडवी धरलेली. पाकीट दिल्याशिवाय नवरदेवाला पुढं सोडत नाहीत, आणि एक दार ओलांडलं की पुढं दुसरं. तू असतास तर पहिल्याच दारात घासाघीस करून मुहूर्त टाळला असतास!

मग आत चटईवर कापड अंथरलं. त्यावर नोटा मांडल्या आणि सगळ्यांदेखत मोजल्या. वर तीळ, तांदूळ, फुलांच्या पाकळ्या टाकल्या. नवरीच्या आईनं त्याचं गाठोडं बांधून खांद्यावर घेतलं आणि फार जड झाल्यासारखी वाकत वाकत आत गेली. तशी रीतच आहे. सगळे हसत होते, तीही हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. मला काही हसू येईना. पुढं शंखातून जोडप्याच्या हातावर पाणी घालायला माझीही पाळी आली, तेव्हाही मन त्या गाठोड्यापाशीच होतं.

नोई म्हणते, याला हुंडा कसा म्हणतोस? ईसानात, म्हणजे त्यांच्या ईशान्य थायलंडात, जुनी रीत अशी की जावईच सासुरवाडीला राहायला जातो. धाकटी मुलगी आईबापाजवळ राहते, त्यांचं म्हातारपण काढते, घरही बहुधा तिलाच मिळतं. आणि नोई धाकटी. आत्ताही दर महिन्याला पगारातले पैसे गावी पाठवते. उद्या मी तिला पुण्याला आणली तर त्या दोघांचं कोण बघणार? हे मला खोडून काढता येत नाही.

इथल्या कायद्यातही ते उघड लिहिलेलं आहे, कलम 1437. मुलीकडच्यांमुळे ठरलेलं लग्न झालंच नाही तर रक्कम परत मागता येते. आपला 1961 चा हुंडाबंदी कायदा मात्र कोणत्या बाजूनं दिलं हे बघतच नाही, हे तूच टेबल बडवून सांगायचास. देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचे पैसे, हीसुद्धा लिलावातली बोलीच, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, देज घेणाऱ्या घरात पोरगी निदान ओझं नसते. त्या रात्री वसतिगृहात आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, आठवतं? आता त्या दोन्ही बाजू मी एकटाच लढवतोय.

पैसे द्यायला माझी ना नाही. म्हाताऱ्यांना जन्मभर पाठवीन. पण नोईच्या नावानं नोटा मांडून चारचौघांत मोजायच्या, हे मला सहन होणार नाही. नोई म्हणते, मांडल्या नाहीत तर आईला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बरेच आईबाप नंतर सगळी रक्कम मुलांनाच परत देतात, तिचेही देतील म्हणते. पण तसं आधी विचारायची सोय नाही.

यांचाही चातुर्मास सुरू आहे. ओक फन्सा, म्हणजे कोजागरीच्या सुमाराची पुनव, होईपर्यंत लग्नाचं कुणी काढणार नाही. तोवर मला ठरवायचंय.

वहिनींची बदली झाली का? चिमीची दहावी ना यंदा? बागेच्या छाटणीचं तू काही लिहिलंच नाहीस.

फोन नको करू, सविस्तर लिही. आणि माझा मित्र म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. वसतिगृहात भांडला होतास तसाच भांड.

तुझा,
सुध्या