अळणीत पालेभाजी

सोलापूर,
२२ जानेवारी

चिरंजीव मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर चिकन आणि पालेभाजीच्या सूपची कृती विचारलीस, मी सांगायला लागले आणि तेवढ्यात तुला कामाचे बोलावणे आले. अर्धी कृती कानात आणि अर्धी वाऱ्यावर राहिली, म्हणून आज दुपारी सवडीने बसून सगळे लिहून काढते आहे. हा कागद स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लावून ठेव आणि पहिल्या दोन-तीन वेळा त्याप्रमाणेच कर.

तुझा तपासणीचा अहवाल मी पाहिला. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि तुझे ९.८ आहे. अठ्ठावीस वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काम केल्यामुळे हा आकडा मला नवा नाही. पण तो आपल्या लेकीच्या नावापुढे वाचताना मात्र मन स्थिर राहिले नाही. म्हणून सर्वांत आधी हे ध्यानात ठेव की डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालूच ठेवायच्या आहेत. सूप हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे.

सूप या शब्दाने तू बिचकू नकोस. रविवारी घरात रस्सा व्हायचा तेव्हा वाटण पडण्याच्या आधी तुझी आजी पातेल्यातून एक वाटी पिवळसर पाणी बाजूला काढून तुझ्या हातात द्यायची, ते तुला आठवत असेल. तीच अळणी. नाव अळणी असले तरी तिच्यात मीठ असतेच; तिखट आणि मसाला मात्र नसतो. आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लहान मुलांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हीच वाटी दिली जाते. तुला करायचे आहे ते एवढेच की रविवारची ती अळणी थोडी अधिक निगुतीने काढायची आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तिच्यात भरपूर पालेभाजी घालायची.

ही जोडी कशासाठी, तेही समजून घे. मांसातले लोह शरीर सहज घेते, साधारण १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत. भाजीतले लोह मात्र पुष्कळदा १० टक्केसुद्धा अंगी लागत नाही. पण तीच भाजी मांसाबरोबर खाल्ली तर भाजीतले लोहही जास्त शोषले जाते, आणि त्यावर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे आणखी भर पडते. म्हणजे चिकन, पाला आणि लिंबू एका वाटीत आले की तिघेही एकमेकांच्या उपयोगी पडतात. एका दिवशी नुसते चिकन आणि दुसऱ्या दिवशी नुसती भाजी खाऊन हे साधत नाही.

आता पालेभाजीविषयी, कारण खरी निवड तिथेच करावी लागते. सूप म्हटले की सगळे पालकाची जुडी उचलतात. पालक वाईट नाही, त्यात फोलेट म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारे एक ब जीवनसत्त्व चांगले असते. पण त्यातील ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते आणि त्यातले लोहही शरीर थोडेच घेते. शेवग्याचा कोवळा पाला आणि मेथी या बाबतीत उजव्या आहेत, म्हणून मी तुला पहिला शेवगाच सांगेन. पाला देठांवरून ओरबाडून घ्यायचा, जाड काड्या टाकून द्यायच्या आणि चार जणांच्या सूपला दोन मुठी घालायचा. मेथी थोडीच घाल, मूठभर, नाहीतर कडवटपणा चिकनवर चढतो. शेपूच्या दोन-चार काड्या सुगंधापुरत्या पुरतात. तुला लहानपणी शेपूचा वास सोसत नसे, तेव्हा तो वगळलास तरी चालेल. तांदुळजा आणि राजगिरा स्वस्त आहेत आणि पटकन शिजतात. तेही आलटून पालटून घेत जा.

अंबाडीचे तुला वेगळे सांगायला हवे. आपल्या शेजारची, सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू कुटुंबे तिला पुंटीकूर म्हणतात, अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे लोक पुंडीपल्या म्हणतात आणि आपण अंबाडी म्हणतो. चिकनमध्ये अंबाडी घालण्याची रीत मी शेजारच्या काकूंकडूनच शिकले. तिच्या आंबटपणामुळे लिंबाची गरज कमी होते आणि सूपला अशी चव येते की मिठाचा हात आपोआप आवरतो. मात्र इतर पाल्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त अंबाडी घालू नकोस. सध्या आमच्या लक्ष्मी मंडईत थंडीमुळे भाजी अगदी टवटवीत आहे आणि जुड्या पाहिल्या की दर वेळी तुझी आठवण येते. तुला पुण्याच्या मंडईत हे सगळे मिळेल. फक्त सकाळी लवकर जा आणि पिवळी पाने असलेली जुडी घेऊ नकोस. भाजी चिरण्याआधी मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन तीनदा बुडवून वर काढ, म्हणजे माती तळाशी बसते. चिरून मग धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात.

चिकन अर्धा किलो घे, हाडासकट आणि कातडी काढून. दुकानदाराला मांडी, मान आणि पाठीचे तुकडे द्यायला सांग. नुसते छातीचे मांस घेऊ नकोस, कारण मांडीच्या गडद मांसात लोह अधिक असते आणि सूपला अंग येते ते हाडे व सांधे यांच्यामुळे. शक्य असेल तेव्हा थोडी कलेजीही माग. आठवड्यातून एकदा तिचे दोन तुकडे पोटात गेले तर तुला फार हिताचे आहे. घरी आणल्यावर चिकन नळाच्या धारेखाली धरू नकोस. धुण्याने जंतू मरत नाहीत, ते शिजण्याने मरतात. धारेचे शिंतोडे मात्र ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या भाजीवर उडतात. म्हणून आधी भाजी चिरून झाकून ठेवायची, नंतरच चिकनला हात लावायचा आणि त्यानंतर हात, सुरी व पाट साबणाने धुवायचे. हा क्रम मी वॉर्डात जितका कसोशीने पाळला तितकाच घरातही पाळला आहे.

रस्सा करताना आपण चिकन तेलावर परततो, वर ताट ठेवून त्यात पाणी ओततो आणि तेच तापलेले पाणी नंतर आत घालतो. सूपसाठी मात्र तसे करायचे नाही. जाड बुडाच्या पातेल्यात चिकन, दीड लिटर गार पाणी, पाव चमचा हळद आणि एक सपाट छोटा चमचा मीठ घालून मध्यम आचेवर ठेव. मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि हा एक चमचा चार वाढण्यांत वाटला जातो, म्हणून मीठ यापुढे वाढवू नकोस. पाणी तापू लागले की वर करडा फेस येईल. ती मांसातून सुटून गोठलेली प्रथिने असतात, मळ नव्हे. पण त्यांनी सूप गढूळ दिसते, म्हणून पळीने हलकेच काढून टाक. फेस यायचा थांबला की एक कांदा चार फोडी करून, लसणाच्या सात-आठ ठेचलेल्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, सात-आठ काळी मिरी, अर्धा चमचा जिरे आणि कोथिंबिरीचे देठ घाल. पाने शेवटी लागतील, ती राखून ठेव.

आच आता अगदी मंद कर. पाण्याच्या कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा, खळखळ उकळू नये. हाडांच्या सांध्यांतील कोलॅजन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि त्यामुळे सूप ओठांना किंचित चिकटते; जोरात उकळले तर चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप पांढरट, जड होते. बाजारातल्या ब्रॉयलरला चाळीस मिनिटे पुरतात. गावरान कोंबडी असेल तर दीड तास धर आणि पाणी थोडे जास्त घे. घाईच्या दिवशी कुकरला दोन शिट्ट्या दिल्यास तरी चालेल, पण रविवारी ही घाई करू नकोस. मांस हाडापासून सहज सुटले आणि आत कुठे गुलाबी दिसले नाही की चिकन शिजले. तुकडे बाहेर काढ, पाणी गाळून घे, मांस सोडवून त्याचे बारीक धागे कर आणि पुन्हा त्याच पाण्यात घाल.

पाला घालण्याची वेळ ही या कृतीतली सर्वांत नाजूक जागा आहे, आणि इथेच माझ्या हातून पूर्वी चूक झालेली आहे. तू दहा वर्षांची असताना तापातून उठली होतीस. तेव्हा वेळ वाचावा म्हणून मी पालक आणि चिकन एकत्रच कुकरला लावले. झाकण उघडले तेव्हा पाला काळपट हिरवा होऊन मऊ गाळासारखा तळाशी बसला होता. तू वाटी दूर सारलीस आणि मी तुला रागावून ती प्यायला लावली. त्यानंतर कित्येक वर्षे तू हिरवे काही घातलेले सूप तोंडी लावले नाहीस, आणि त्यात दोष तुझ्या जिभेचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पानांचा हिरवा रंग उष्णता आणि आंबटपणा या दोघांपुढे टिकत नाही आणि क जीवनसत्त्वही फार वेळ शिजवल्याने नाहीसे होते. म्हणून गाळलेली अळणी पुन्हा चांगली तापू दे, शेवगा किंवा मेथी असेल तर ती आधी घालून तीन मिनिटे ठेव, पालक किंवा तांदुळजा असेल तर दीड-दोन मिनिटेच, आणि अंबाडी असेल तर तिचा आंबट रस इतर पाल्याचा रंग उतरवण्याआधी ती सर्वांत शेवटी. या वेळी झाकण ठेवू नकोस. गॅस बंद केल्यावरच लिंबू पीळ, कारण लिंबू उकळत्या सूपमध्ये पडले की रंगही जातो आणि त्याचा गुणही कमी होतो.

सूप दाट हवे असेल तर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर आणू नकोस. एक चमचा ज्वारीचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात नीट कालवून घे आणि पाला घालण्याआधी पाच मिनिटे ते उकळत्या अळणीत सतत ढवळत ओत. गरम पाण्यात कोरडे पीठ टाकलेस तर गुठळ्या होतील. मागच्या वेळी तू नेलेले मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पीठ अजून शिल्लक असेल, पण ते जुने झाले असल्यास आधी वास घेऊन पाहा.

तुझी नोकरी पाहता रोज हे सगळे करणे जमणार नाही, हे मला कळते. रविवारी पाला न घालता अळणी आणि मांस तयार करून ठेव, आणि पुढचे तीन दिवस रात्री एका वेळेपुरते काढून उकळून त्यात त्या दिवशीची ताजी भाजी घाल. एवढ्याने दहा मिनिटांत जेवण होते. शिजलेली अळणी ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नकोस. उन्हाळ्यात आपल्या सोलापूरसारखी गरमी असेल तर एक तासही पुष्कळ झाला. मोठे पातेले तसेच शीतकपाटात ठेवण्यापेक्षा दोन-तीन पसरट डब्यांत काढ, म्हणजे ती लवकर गार होते, आणि तीन दिवसांत संपव. दुसऱ्या दिवशी ती थरथरीत गोठलेली दिसेल. ती खराब झाली आहे असे समजून फेकू नकोस. तेच ते जिलेटिन आहे, आणि वर साकळलेली चरबी चमच्याने सहज काढता येते.

खाण्याविषयी दोन गोष्टी मला आग्रहाने सांगायच्या आहेत. पहिली अशी की नुसते वरचे पाणी पिऊन मांस तळाशी ठेवू नकोस. अंगी लागणारी प्रथिने पाण्यात फार थोडी उतरतात. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात ती साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणून धागे आणि पाला चावून खायचा. दुसरी अशी की जेवणानंतर लगेच चहा घ्यायची तुझी सवय तुला सोडावी लागेल. चहातील टॅनिन हा तुरट घटक लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांच्यात निदान एक तास जाऊ दे. गोळीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेव.

शुक्रवारी तुझे मामा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर पंधरा कडक भाकऱ्या, सावलीत वाळवून हाताने चुरलेला शेवग्याचा पाला आणि नव्या ज्वारीचे दोन किलो पीठ देते आहे. वाळलेला पाला सूपमध्ये एका वाटीला एक चमचा याप्रमाणे, ताजी भाजी मिळाली नाही त्या दिवशीच घाल. कडक भाकरी वाटीत चुरून वरून गरम सूप ओत आणि दोन मिनिटे भिजू दे. तुझे वडील अजूनही तशीच खातात आणि काल रात्री खाताना त्यांनी तुझ्या तब्येतीची तीनदा चौकशी केली. डबा घ्यायला वेळेवर स्टेशनवर जा, आणि रविवारी पहिले सूप झाले की पाल्याचा रंग कसा राहिला ते मला फोन करून सांग.

तुझी,
आई