संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: परदेशात फौज पाठवायच्या आधी श्रीलंकेतून परत आलेल्यांकडे बघा

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. तालुक्याला लिहून झालं, जिल्ह्याला लिहून झालं, कुणी दाद दिली नाही म्हणून आता थेट तुम्हालाच लिहितेय आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितेय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माजी सैनिकाची मुलगी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, महार रेजिमेंटमध्ये होते आणि 1987 साली भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या शांतीसेनेतून तिकडे गेले. सुरुंगावर पाय पडला. डावा पाय गुडघ्याखाली तिकडेच राहिला.

आमच्या तालुक्याच्या गावी हुतात्मा स्तंभ आहे. मागच्या कारगिल विजय दिनाला स्टेजवरून माईकवर शब्द दिला गेला की शांतीसेनेत मारल्या गेलेल्या जवानांची नावंही स्तंभावर लागतील. यंदा नवा ग्रॅनाइटचा फलक बसला. त्यावर 1962 आहे, 1965 आहे, 1971 आहे, कारगिल आहे, श्रीलंका नाही. शेजारच्या वाडीतला आप्पांचा जोडीदार श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्यात मारला गेला, त्याची म्हातारी आई त्या दिवशी मुद्दाम रिक्षा करून आली होती, फलकावर नाव शोधत राहिली. विचारायला गेलो तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "ताई, ते युद्धात धरत नाहीत, ती शांतीसेना होती." आप्पा तिथंच कुबडीवर उभे होते.

युद्धात धरत नाहीत म्हणजे काय हो साहेब? 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, लगेच फौज उतरायला लागली. तमिळ वाघ, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी तिथली एलटीटीई, शस्त्रं खाली ठेवणार, आपण फक्त शांतता राखायची, असं पोरांना सांगितलेलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच वाघांशी लढाई, ऑपरेशन पवन, सुरू झाली. ज्यांना आधी आपल्याच यंत्रणांनी ट्रेनिंग दिलं होतं त्यांच्याशी. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या 13 शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस तिथंच संपले, एक पकडला गेला. 25 नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, आपल्या मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले, 8 महारचे, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. मग परमवीर चक्र दिलंत ती लढाई कुठली होती? वरती युद्ध आणि खाली तालुक्याला आलं की शांतता, असं कसं चालेल!

किती गेले ते तरी नक्की सांगा. कुठं 1,165 वाचते, कुठं बाराशेच्या आसपास, जखमी तीन हजारांच्या वर. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नावं आहेत, मान्य, पण ते स्मारक 2019 चं. त्याच्या कितीतरी आधी श्रीलंकेनं कोलंबोजवळ त्यांच्या संसदेच्या बाजूला आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, 2015 ला आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षानं, प्रेमदासांनी, आमची माणसं हाकलायची म्हणून वाघांना शस्त्रं पुरवली त्या देशाला जे जमलं ते आमच्या तालुक्याला जमत नाही. आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. आप्पा तेव्हा पुण्यात नव्या पायावर चालायला शिकत होते, त्यांनी ही बातमी पेपरात वाचली आणि पेपर घडी करून उशीखाली ठेवला, असं आई सांगते.

घरात काय चालतं तेही लिहिते, कारण टीव्हीवर ओरडणाऱ्यांना ते दिसत नाही. पावसाळ्यात नकली पायाचं सॉकेट, म्हणजे वरची खोबण, घासून उरलेल्या पायाच्या टोकाला जखम होते. मग पाय लावता येत नाही, आठ आठ दिवस माणूस खाटेवर. रात्री नसलेल्या पायाची बोटं खाजतात, आई उठते आणि उरलेल्या गुडघ्याला तेल लावत बसते, त्यानं काही होत नाही हे दोघांनाही माहितेय. मांडीत अजून बारीक छर्रे आहेत. दर वेळी एक्स-रे काढला की टेक्निशियन विचारतो, काका हे काय? श्रीलंकेत लागलंय म्हटलं की विचारतो, तिथं कधी लढाई झाली होती? पोरगा विशीतला, त्याला काय बोलणार, त्याच्या पुस्तकात कुणी छापलंच नाही. आप्पा जाफन्यातल्या ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणांबद्दल बोलतात, बोळ एवढे अरुंद की पुढचा माणूस वळला की दिसेनासा व्हायचा, हातात नकाशे जुने. पण ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले आणि तो ठपका आपल्या फौजेवर आहे, त्याबद्दल मी एकदा विचारलं तर ते उठून अंगणात गेले. शांतता राखायला पाठवलेल्या पोरांना तुम्ही कुठं नेऊन उभं केलं, हे त्यांच्या त्या गप्प बसण्यावरून मला कळलं.

आणि हे सगळं घरात बघत असताना मोबाईल उघडला की तेच, फौज पाठवा. 2024 ला बांगलादेशात सत्ता पालटली तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज, घुसवा फौज, 71 परत करून दाखवा. लिहिणाऱ्यातल्या एकाच्याही घरचं कुणी फौजेत नाही, हे मी नावानिशी सांगू शकते. 71 म्हणजे काय हे तरी वाचा! तेव्हा एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्याकडे आले होते. तरी लष्करप्रमुख माणेकशॉंनी तयारीला वेळ मागून घेतला, ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला, पावसाळा जाऊ दिला, डिसेंबरात दोन आठवड्यांत काम उरकलं आणि मार्च 72 पर्यंत फौज परत. काय मिळवायचं ते ठरलं होतं आणि परत कधी यायचं तेही. 1988 ला मालदीवमध्येही असंच, गेले, तिथलं बंड मोडलं, आले. श्रीलंकेत यातलं काहीच ठरलं नव्हतं, तरी पाठवताना टाळ्या तेवढ्याच पडल्या होत्या. लोकांना फौज निघताना दिसते, परत येताना कुणी स्टेशनवर नसतं.

उलट 2003 बघा. अमेरिका इराकसाठी आपली फौज मागत होती, बड्या बड्या लोकांनी पाठवा म्हणून लेख लिहिले, आणि जुलैमध्ये वाजपेयींच्या सरकारनं युनोचा स्पष्ट ठराव नाही म्हणून नकार दिला. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेनं एकमतानं त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. त्या नकारामुळे किती घरं वाचली याची मोजदाद कुणी करणार नाही, मी मात्र आमच्या भागातल्या तेव्हाच्या भरतीच्या पोरांकडे बघून मनात मोजते.

पण तो ठराव झाला म्हणून झाला, बंधन काही नव्हतं. आजही परदेशात फौज पाठवायला संसदेत मतदान घ्यायलाच पाहिजे असा नियम नाही. चार-पाच मंत्री बंद खोलीत ठरवणार, श्रीलंकेच्या वेळी करार आधी झाला आणि संसदेला नंतर कळवलं. आमदाराच्या गाडीचा भत्ता वाढवायला सभागृह लागतं आणि आमच्या पोराला दुसऱ्याच्या देशात मरायला पाठवायला लागत नाही. हा कसला कारभार आहे?

त्यात आता अग्निवीर. चार वर्षं नोकरी, चारातला एक कायम, बाकी तिघांना पेन्शन नाही. ड्युटीवर पाय गेला तर अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार 44, 25 नाहीतर 15 लाख एकरकमी. आप्पांना निदान महिन्याची पेन्शन आहे, दवाखान्याचं कार्ड आहे, त्यावर हे घर उभं राहिलं, मी शिकले. उद्या बावीस वर्षांचं पोरगं असाच पाय गमावून आलं तर 25 लाखात त्याची पुढची पन्नास वर्षं काढायची का? दर थोड्या वर्षांनी नवा पाय लागतो साहेब, शरीर बदलतं, सॉकेट बसत नाही. हे मंत्रालयात कुणाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. शांतीसेनेची कारवाई युद्ध म्हणूनच धरायची, असं पत्र प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला काढा, आणि वाडीतल्या त्या म्हातारीच्या हयातीत काढा, ती नव्वदीला आलीय. श्रीलंकेत मारल्या गेलेल्या आणि जखमी झालेल्या प्रत्येकाचा एकच आकडा संसदेत ठेवा. आणि परदेशात फौज पाठवायची झाली तर आधी सभागृहात मतदान घ्या, कशासाठी जातोय, परत कधी येणार, आणि हातपाय गमावून येणाऱ्याला, मग तो अग्निवीर का असेना, मरेपर्यंत कोण सांभाळणार, हे तिथं लेखी द्या. ते कागदावर आल्याशिवाय आमच्या गावातली पोरं मागू नका.

आपली,
शांतीसेनेतल्या एका जवानाची मुलगी
जि. सातारा