आधी सावल्या कमी करा!

महोदय,

रोल-प्लेइंग गेम अडखळला की ‘नवं ग्राफिक्स कार्ड घ्या’, हा सल्ला आता ऐकवत नाही. माझा संगणक सात वर्षांचा, कार्डाची मेमरी ४ जीबी. परवा जंगलातून जाताना माझी जादूगारीण दर दोन पावलांना थबकत होती. टेक्स्चर (झाडं, भिंती यांवर चढवलेली चित्रं) ‘अल्ट्रा’ या सर्वांत वरच्या दर्जावर होतं, ते मेमरीत मावेना, म्हणून धक्के. ते एक पायरी खाली आणलं, सावल्या ‘मध्यम’ केल्या आणि बाई सरसर चालू लागल्या. झाडाच्या सावलीची कड जरा बोथट दिसते, पण ऐन लढाईत ती बघायला सवड कुणाला?

रिझोल्यूशनचा हिशेब तर साधा आहे. १९२० बाय १०८० म्हणजे पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू, फोर-केमध्ये ८३ लाख. काम चौपट, कथा तीच! मात्र गेममधल्या गजबजलेल्या बाजारात शिरल्यावर फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) घसरल्या, तर बहुधा प्रोसेसर दमलेला असतो. तिथे नव्या कार्डाने फारसं काही हाती लागत नाही. (माझ्या भाच्याने घेतलं. आता तो बाजारच टाळतो.)

गेमचं परीक्षण छापताना कोणत्या संगणकावर, कोणत्या सेटिंगला किती फ्रेम मिळाल्या, तेवढं देत चला.

आपला,
एक जुना खेळाडू