डिस्कवाला घ्यायचा, आणि डब्यावरचं बारीक नाव आधी वाचायचं

कोलोन, जर्मनी

चि. सोहम यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

दादा दिवाळीला कोल्हापुरात तुला प्लेस्टेशन ५ (पीएस५, टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा कन्सोल) घेऊन देतोय आणि डिस्कवाला की बिनडिस्कचा यावरून घरात दोन तट पडलेत, असं वहिनी फोनवर म्हणाली. तिचं म्हणणं, स्वस्त तो घ्या, खेळ तेच आहेत. खेळ तेच आहेत हे खरं, पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. डिस्कवाला घ्या. हे पत्र दादालाही वाचून दाखव, पैसे त्याचे आहेत.

भारतात हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. त्यानंतर किमती बदलल्या, पण दोघांतला फरक आजही काही हजारांचाच आहे. नव्या मोठ्या गेमची किंमत चार-पाच हजार. डिस्क खेळून झाली की विकता येते, अदलाबदल करता येते, राजारामपुरीतल्या मित्राकडून आठवडाभर मागून आणता येते. डिजिटल, म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला गेम तुझ्या खात्याला चिकटतो तो कायमचा. तीन डिस्का विकल्यास की फरक वसूल.

यापेक्षा मोठं कारण अपग्रेडचं, म्हणजे आधीच्या पीएस४ कन्सोलच्या गेमची पीएस५ साठी सुधारलेली आवृत्ती मिळण्याचं. कॅपकॉमनं रेसिडेंट ईव्हिल २, ३ आणि ७ या तिन्हींची पीएस५ आवृत्ती जून २०२२ मध्ये पीएस४ वाल्यांना फुकट दिली. सीडी प्रोजेक्टनं विचर ३ आणि सायबरपंक २०७७ च्या बाबतीत तेच केलं. म्हणजे पीएस४ ची जुनी, वापरलेली डिस्क निम्म्याहून कमी पैशांत घ्यायची, कन्सोलमध्ये घालायची, स्टोअरमध्ये त्या गेमच्या पानावर जाऊन पीएस५ आवृत्ती उतरवायची. खेळताना डिस्क आत हवी, एवढीच अट. बिनडिस्कच्या यंत्रात हे जमतच नाही. सोनी स्वतःच्या गेमना मात्र बहुतेक वेळा अपग्रेडचे वेगळे पैसे लावते, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकचंच बघ.

नव्या स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, हे तू लिहिलंस ते बरोबर. पण जोडल्यावर पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी व्हावी लागते, आणि सुटा ड्राइव्ह पाहिजे तेव्हा दुकानात मिळेलच असं नाही. आधीच एकत्र घ्या.

मी इथून कन्सोल आणू का, असं दादानं विचारलंय. नको. वीज चालेल, इथेही २३० व्होल्टच आहे, केबलची पिन तेवढी बदलावी लागेल. पण वॉरंटी देशापुरती असते. बिघडला तर तो परत जर्मनीला कोण पाठवणार? डिस्का मात्र आणता येतील. पीएस५ च्या गेमना देशाचं कुलूप नाही, इथली डिस्क तिथे बिनबोभाट चालते. मेख आहे ती डीएलसीची, म्हणजे नंतर विकत घ्यायच्या जोडभागांची. डिस्क ज्या विभागाची, जोडभाग त्याच विभागाच्या स्टोअरमधून घ्यावा लागतो. म्हणून ज्याला मोठी डीएलसी आहे तो गेम तू तिथेच घे, बाकीचे मला सांग. सिनेमांच्या ब्लू-रेचा नियम वेगळा: युरोप बी विभागात, भारत सी मध्ये. माझ्याकडचे सिनेमे तिकडे चालणार नाहीत, आईला उगाच आशा लावू नकोस.

खातं काढताना देश म्हणून भारतच निवड. तो नंतर बदलता येत नाही. माझं युरोतलं व्हाउचर त्या खात्यावर चालणार नाही, तेव्हा वाढदिवसाला आत्याकडून कोड मागू नकोस.

आता प्रकाशकांकडे येते. गेमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात खेळाचं नाव असतं आणि मागे बारीक अक्षरात प्रकाशकाचं. माझ्या मते ते बारीक नाव आधी वाचावं. गेम कसा आहे हे परीक्षणं सांगतील, पण तो कधी घ्यावा आणि घ्यावा तरी का, हे प्रकाशकाच्या सवयींवरून कळतं.

तुझा जीव फुटबॉलवर, म्हणून फिफा गेम काढणाऱ्या ईए कंपनीपासून सुरू करते. फिफाशी करार संपल्यावर २०२३ च्या सप्टेंबरपासून हा गेम ईए स्पोर्ट्स एफसी या नावानं येतो. नाव गेलं, धंदा तोच राहिला. सप्टेंबरात पूर्ण किंमत, नोव्हेंबरात मोठी सूट, आणि काही वर्षी उन्हाळ्यात पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या मासिक गेममध्येही: फिफा २२ मे २०२२ ला, एफसी २४ मे २०२४ ला. हे माहीत असताना सप्टेंबरात पूर्ण पैसे मोजणं म्हणजे पिकायच्या आधी आंबा दुप्पट भावानं घेणं. दिवाळीला कन्सोल आला की नोव्हेंबरची सूट येईपर्यंत थांब, तेवढा धीर धर.

आणि त्यातल्या अल्टिमेट टीमपासून लांब राहा. आत कोणता खेळाडू निघेल हे माहीत नसताना पैसे देऊन पाकीट फोडायचं, असा तो प्रकार. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि ईएला तिथे फिफा पॉइंट्स विकणं बंद करावं लागलं. दादाचं कार्ड खात्यात साठवूच नका. लागेल तेव्हा लागेल तेवढ्याच रकमेचं वॉलेट कार्ड घ्या, आणि खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सेटिंग चालू ठेवा. करिअर मोड फुकट आहे आणि माझ्या मते तोच खरा गेम आहे.

पण शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल खेळायचा असेल तर ईएचा काही उपयोग नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा सामना कुठल्याच कंपनीच्या यादीत नाही, तो आपण बनवायचा. त्यासाठी कोनामी कंपनीचा पीईएस २०२१ हा फुटबॉल गेम शोध. तोही पीएस४ चाच, कारण एक्सबॉक्सवर बाहेरची चित्रं आत घेता येत नाहीत. डिजिटल विक्री बंद झाली आहे, वापरलेली डिस्कच मिळेल. बघ, पुन्हा डिस्क ड्राइव्ह. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, त्यात डब्ल्यूईपीईएस या नावाचा फोल्डर रोमन मोठ्या अक्षरांत बनव, संघाचा बिल्ला आणि जर्सी पीएनजी चित्रं म्हणून त्यात टाक. गेमच्या एडिट विभागात इम्पोर्ट केलंस की ती संघाला लावता येतात. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं की गेम पेनड्राइव्ह रिकामा आहे असं समजतो. बहुतेकांचं तिथेच अडतं. खेळाडूंची नावं, उंची, वेग सगळं हातानं भर. पेठेतल्या सगळ्या संघांना एक सुट्टी पुरेल. कोण किती वेगात पळतो यावरून तालमीत भांडणं झाली तर मला मध्ये ओढू नका.

त्याच कोनामीनं २०२१ च्या सप्टेंबरात पीईएस बंद करून ईफुटबॉल हा फुकटचा गेम आणला. आला तेव्हा चेहरे वेडेवाकडे, चेंडू कुठे, पाय कुठे. नंतर बराच सुधारला, पण मास्टर लीग, म्हणजे क्लब हातात घेऊन चालवायचा प्रकार, गेली ती गेलीच. चांगलं चालणारं दुकान मोडून टपरी टाकल्यासारखं झालं.

खासबागच्या गावात कुस्तीचं विचारणार हे ठाऊक होतंच. डब्ल्यूडब्ल्यूईचे गेम टूके काढतं. जवळपास वीस वर्षं ते बनवणारी जपानी युक्स बाजूला झाली आणि २०१९ चा टूके२० इतक्या दोषांसह बाहेर पडला की पुढच्या वर्षीचा मुख्य गेम कंपनीनं रद्दच केला. मार्च २०२२ मध्ये आलेला टूके२२ पुन्हा खेळण्याजोगा झाला. प्रकाशक तोच, लोगो तोच, बनवणारे हात बदलले की काय होतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. म्हणून डब्यावर प्रकाशकासोबत स्टुडिओचंही नाव बघ.

माझा लाडका प्रकाशक कॅपकॉम. त्यांचे जुने गेम वर्षातून अनेकदा भरपूर सवलतीत येतात, आणि जुना गेम विकायचा आहे म्हणून ते त्याची देखभालही करतात. निन्टेंडोचं उलटं: २०१७ चा झेल्डा आजही जवळपास मूळ किमतीला. गेम अव्वल, सूट देण्याची दानत नाही. त्यातून त्यांचा स्विच कन्सोल भारतात अधिकृतपणे आलाच नाही, त्यामुळे दुरुस्तीचे वांधे. तो नाद सध्या सोड. युबिसॉफ्टचा कोणताही गेम तीन-चार महिने थांबून घ्यावा, भाव पडतोच. पण त्यांनी द क्रू या २०१४ च्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क बशी ठेवायच्या लायकीची उरली. एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत होता. म्हणून डब्यावर ‘इंटरनेट आवश्यक’ असं असेल तर ती डिस्क असूनही डिस्क नाही, असं धर. २०२२ च्या कॉल ऑफ ड्युटीच्या पीएस५ डिस्कवर तर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी एकदा खेळ. छोटा आहे, मारामारी थोडी अडखळते, पण राजस्थानी महाल काय रंगवलेत! नाद खुळा.

डाउनलोडचा हिशेब सांगते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला सव्वादोन तास, ४० च्या लाइनवर साडेपाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विचारही करू नकोस. पहिल्या मॉडेलची ८२५ जीबीतली ६६७ च वापरता येते. डिस्कवाल्या स्लिममध्ये १ टीबी आहे, तरी वर्षभरात भरेल. बाहेरच्या यूएसबी हार्डडिस्कवर पीएस४ चे गेम थेट चालतात, पीएस५ चे फक्त साठवता येतात. जागा वाढवायला आत बसवायचा एसएसडी एम.२ एनव्हीएमई, जेन ४, ५५०० एमबी प्रति सेकंद किंवा वरचा घे, आणि हीटसिंकसकट, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पट्टीसकट. जेन ३ चालत नाही, स्वस्तात मिळाला म्हणून आणू नकोस. हीटसिंकसह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर झाकण बसत नाही. सगळ्या केबल काढायच्या, बाजूचं कव्हर काढायचं, एका स्क्रूवर बसलेलं लांबट पत्र्याचं झाकण उघडायचं. आतला स्पेसर ८० लिहिलेल्या खाचेत सरकवायचा, एसएसडी तिरका आत सारून मग खाली दाबून स्क्रू लावायचा. सुरू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायचं विचारतो. नाही विचारलं तर एसएसडी पूर्ण आत सरकलेला नाही. बंद करून पुन्हा बसव.

विजेचं नीट ऐक, कारण कोल्हापुरात कन्सोल मरतो तो खेळून नाही, विजेनं. मोठा गेम चालू असताना यंत्र साधारण २०० वॉट घेतं, टीव्ही शंभरेक. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॉट, तो काठावर येतो. १००० व्हीएचा घ्या. त्यावर खेळायचं नाही, सेव्ह करून बंद करायचं. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर त्याची यूपीएस आणि नॉर्मल अशी कळ असते, ती यूपीएसवर हवी. नॉर्मलमध्ये बदलायला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. रेस्ट मोड पावसाळ्यात वापरू नकोस. झोपेत वीज गेली की डेटा बिघडण्याची भीती असते. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की पिन काढ, आणि एचडीएमआय व लॅनची वायरही. लाट डिश किंवा राउटरच्या वायरीतूनही आत शिरते.

गेम अडकू लागले, चिन्हं गायब झाली, तर घाबरून फॉरमॅट मारू नकोस. पूर्ण बंद कर, पॉवर बटण सात सेकंद दाबून धर, दुसरी बीप ऐकू आली की सोड. कंट्रोलर यूएसबी वायरनं जोड. सेफ मोडमधला पाचवा पर्याय डेटाबेस नव्यानं बांधतो. गेम आणि सेव्ह जात नाहीत.

कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकायला लागली तर आधी मागच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद रीसेट. नाही गेलं तर आतली कार्बनची पट्टी झिजली किंवा धूळ बसली. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्टिकच्या बुडाशी दोन थेंब, गोल फिरवायची, वाळू द्यायची. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. तरी नाही गेलं तर मॉड्यूल बदलावं लागेल, ते डागकाम चांगल्या मोबाइलवाल्याकडून करून घे. चुंबकावर चालणारं हॉल इफेक्ट मॉड्यूल मिळालं तर तेच बसव, त्यात घासणारं काही नसतं.

कन्सोल काचेच्या कपाटात कोंडू नका, मागे भिंतीपासून दहा सेंटिमीटर जागा सोडा. आईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला तर प्रेमानं काढ. धुळीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी पंख्याच्या तोंडाशी व्हॅक्यूम फिरवा, पण हीटसिंक कुणाला उघडू देऊ नका. चिपवर द्रवरूप धातूचा लेप आहे, तो सांडला की बोर्ड गेला.

मी डिसेंबरात येते. त्याआधी डिस्कांची यादी पाठव, प्रत्येक गेमसमोर पीएस४ की पीएस५ ते लिही, आणि ज्याला डीएलसी घ्यायची आहे त्याच्यावर फुली मार. दादाला नमस्कार, वहिनीला सांग की तिचा सल्ला दहा हजारांच्या मिक्सरला लागू पडतो, कन्सोलला नाही.

तुझी आत्या