आई, काळजी करू नकोस, लंबू घरी आलाय

आई, बाबा, आजी, ताई,

सगळ्यांना नमस्कार. फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून सगळं एकदाच लिहून काढतोय. ताई, आजीला मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. इथली, न्यूझीलंडची, घड्याळं एप्रिलच्या सुरुवातीला मागे झाली, त्यामुळे आता आपल्यात साडेसहा तासांचाच फरक आहे, पण तुम्ही दुपारी जेवायला बसता तेव्हाच माझ्या किचनमध्ये रात्रीच्या ऑर्डरींची गर्दी असते, म्हणून ते दुपारचे फोन कट होतात, दुसरं काही कारण नाही. मी मजेत आहे. वजन कमी झालेलं नाही, त्या फोटोत उजेडच तसा होता. थंडी सुरू झालीये पण हीटर आहे, आणि आजीची गोधडी आहेच.

तर मोठी बातमी ही की माझा इथला मित्र लंबू घरी आला! मागच्या आठवड्यात ख्राइस्टचर्चहून आणला त्याला. आई, जानेवारीत तो डोंगरावर सायकलवरून पडला तेव्हापासून तू रोज विचारतेस, चालतो का, चालतो का. अजून चालत नाही. पण बरा आहे, मनापासून सांगतो, बरा आहे. कमरेच्या मणक्यांमधला सगळ्यात वरचा, एल वन म्हणतात त्याला, तो फुटलेला. मज्जारज्जू साधारण तिथेच संपतो आणि खाली नुसत्या नसांचा झुपका असतो, आणि त्याची इजा पूर्ण नाही, म्हणजे वरून खाली निरोप थोडेफार जातायत. उजवी मांडी आवळता येते, डाव्या अंगठ्याला हात लावला तर कळतं. दोन्ही बाजूंच्या बारना धरून, पायाला पट्टे लावून उभा राहतो. एरवी व्हीलचेअर. पुढे किती सुधारेल ते डॉक्टर सांगत नाहीत, पहिलं वर्ष महत्त्वाचं एवढंच म्हणतात, आणि तोही विचारत नाही.

बाबा, एक गोष्ट तुमच्या सोसायटीतल्या पोरांना नक्की सांगा, ती सारखी हरिहरला आणि अंजनेरीला जात असतात म्हणून. लंबू उडी चुकून पडला तेव्हा मागून येणाऱ्या मित्रांनी त्याला उचललं नाही. एकाने डोकं आणि मान जशी होती तशी दोन्ही हातांनी धरून ठेवली, दोघं वाटेवर वर जाऊन उभे राहिले म्हणजे मागच्या सायकली अंगावर येणार नाहीत, एकाने १११ ला फोन केला, आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत सगळे तसेच. आपल्याकडे माणसं मायेने धावतात आणि पहिलं काम काय तर उचलून गाडीत घालतात. मणका फुटलेला असेल तर तेवढ्यात उरलंसुरलं जातं.

आई, तू विचारलंस दवाखान्याचं बिल कोण भरतंय आणि मी तर नाही ना भरत. नाही. इथे एसीसी म्हणून सरकारी व्यवस्था आहे, १९७४ पासूनची. अपघात कुणाचाही असो, पाहुण्याचा असला तरी, आणि चूक कुणाचीही असो, उपचार त्यातून होतात, आणि कमावता माणूस असेल तर पगाराच्या ८० टक्के रक्कमही मिळते. त्या बदल्यात भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. माझ्याही पगारातून त्याचे पैसे कापतात, म्हणजे मला काही झालं तरी सोय आहे, आणि मला काही होणार नाहीये. मी तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल चालवतो. सपाट! डोंगरावर गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, सायकल चढवून जंगलातून उड्या मारत खाली यायचं, ते लंबूचं, माझं नाही.

पण बिल सोडून बाकीचं असतंच ना. त्याचे आईवडील शेती सोडून तीन महिने ख्राइस्टचर्चला भाड्याने राहिले, इथून तिथे जायला गाडीने सहा तास, पेट्रोल, इथल्या खोलीचं भाडं, कुत्र्याचं खाणं. त्यासाठी गावाने पैसे जमवले, आणि कसे जमवले ते जरा नीट सांगतो कारण मला अजूनही पूर्ण समजलेलं नाही.

इथे कुणी कुणाच्या हातात पैसे देत नाही. आपल्याकडे भेटायला येणारा उशीखाली पाकीट सरकवतो, आपण नको नको म्हणतो, तो घ्या हो म्हणतो, झालं. इथे तसं केलं तर समोरचा ओशाळतो. मग काय करतात, तर शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर, जिथे लोक खिळे, रंग, पाईप घ्यायला येतात, तिथे मोठा गॅसचा तवा लावतात आणि सॉसेज भाजून विकतात. शाळेची सहल असो, अग्निशमन दलाचं काही असो, कुणाचा मणका मोडलेला असो, सॉसेजच. पांढऱ्या पावाची एकच स्लाइस, त्यात ते तिरकं ठेवायचं, वर परतलेला कांदा, टोमॅटो सॉस, कागदी रुमाल. ताट नाही, दुसरी स्लाइस नाही. किंमत अगदी किरकोळ. आणि लोक रांगेत उभे राहतात, ज्यांच्या घरी फ्रीजमध्ये हेच सगळं पडलेलं असतं ते सुद्धा. एक म्हातारे गृहस्थ आले, एक पाव घेतला, सुटे मोजून दिले, उभ्याने खाल्ला, आणि जाताना बाजूच्या डब्यात शंभर डॉलरची नोट घडी करून टाकली, कुणी बघत नाहीये ना असं बघून. म्हणजे द्यायचे होते शंभर, पण आधी पाव खायलाच हवा! मी खूप विचार केला यावर. बहुतेक घेणाऱ्याला उपकार वाटू नयेत म्हणून असावं, विकत घेतलं की हिशोब मिटला.

आणि आई, मी सॉसेजला हात लावला नाही. मी कांद्यावर होतो. माझा तवा वेगळा, चिमटा वेगळा. ही लोकं कांदा नुसता पांढरा घाम फुटेपर्यंत ठेवतात, मी उभा पातळ चिरून, मीठ घालून, नीट तांबूस होईपर्यंत परतला, तर दुपारपर्यंत लोक फक्त कांदा-पाव मागायला लागले. मी सांगितलं मी लासलगावच्या जिल्ह्यातला आहे. लंबूच्या मित्रांनी त्याच्या शर्यतीच्या नंबरचे स्टिकर छापलेत, गावातल्या कितीतरी सायकलींवर आता तो नंबर आहे. ही कल्पना तशी जुनी, केव्हिन पिअर्स नावाचा अमेरिकन स्नोबोर्डर २००९ च्या ३१ डिसेंबरला डोक्यावर पडला तेव्हा दोन महिन्यांत व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्याचे मित्र त्याच्या नावाचे स्टिकर लावून उतरले होते. तो बरा होऊन आता मेंदूला इजा झालेल्यांसाठी काम करतो.

पैशापेक्षा मला जास्त भावला तो फ्रिजवरचा कागद. महिन्याचे चौकोन आखलेत, प्रत्येकात नाव. सोमवारी अमकी जेवण आणणार, मंगळवारी तमका फिजिओला नेणार, बुधवारी कुत्रा कोण फिरवणार. पहिले पंधरा दिवस तर कुठेही माणसं येतात, आपल्याकडे वॉर्डात उभं राहायला जागा नसते. नंतर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि नेमकं तेव्हाच त्या माणसाला कळायला लागतं की हे आता असंच चालणार. फेब्रुवारीच्या शेवटी लंबू दोन दिवस कुणाशी बोललाच नाही. तेव्हा ज्याची पाळी होती तो सहा तास गाडी चालवून गेला, शेजारी बसून क्रिकेट बघितलं, आणि परत आला. बोलला काही नाही. पण गेला. कागदावर नाव होतं म्हणून गेला. माझं नाव गुरुवारी आहे. खिचडी-कढी नेतो, ती त्याला आवडते, आणि तो मला न लाजता सांगतो की आज पाय खूप जळतायत.

आई, तू परवा म्हणालीस की परक्याच्या पोराची सेवा करायला तुला वेळ आहे. मी तेव्हा काही बोललो नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हतो, हे मला रोज आठवतं. समोरचे काका रिक्षा करून घेऊन गेले, डोळ्यात थेंब घालायला काकू येत होत्या, तू सांगितलंस तेव्हा मी किचनच्या मागच्या दाराशी उभा होतो. तिथली माझी पाळी त्यांनी भरली. म्हणून इथे गुरुवार आला की मला घरी बसवत नाही. रागावू नकोस. आणि काकांचा गुडघा कसा आहे ते कळव.

बाबा, लंबूला मी मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगितलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला आपला सांगलीकडचा माणूस, कमरेखाली अधू, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, वेळ ३७.३३ सेकंद. त्याने वेळ दोनदा विचारली आणि फोनमध्ये लिहून ठेवली. आता पोहायला जायचं म्हणतोय, फिजिओ हो म्हणालीये.

आणखी एक, तुमच्यासाठीच. मे महिन्यातल्या एका रविवारी विंग्ज फॉर लाइफची धाव असते, जगभर एकाच क्षणी सुरू होते. ऑस्ट्रियाचा मोटोक्रॉस चॅम्पियन हाइन्झ किनिगाडनर, त्याच्या मुलाला २००३ मध्ये मोटोक्रॉसच्याच शर्यतीत मणक्याची इजा झाली, पुढच्याच वर्षी त्याने ही संस्था उभी केली, आणि धाव २०१४ पासून. फी सगळीच्या सगळी मज्जारज्जूच्या संशोधनाला जाते. शेवटची रेषा नसते, अर्ध्या तासाने मागून गाडी निघते आणि ती गाठेल तिथे तुमचं संपलं. व्हीलचेअरवालेही असतात. फोनच्या ॲपवर कुठूनही करता येते. आपल्याकडे दुपारी साडेचार, इथे रात्री अकरा, आम्ही डोक्याला टॉर्च लावून तळ्याकाठी जाणार, लंबू चेअरवर. तुम्ही गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालाल का? ऊन असेल, टोपी घाला, पाणी न्या, दोन चकरा झाल्या तरी पुरे. ताई ॲप टाकून देईल.

ताई, आता तुझं. अक्षय तृतीयेला साखरपुड्याला मी नाही येऊ शकत गं. मार्चमध्ये ख्राइस्टचर्चला जाण्यात रजा संपली, आणि तिकीटही आत्ता परवडणारं नाही. व्हिडिओवर पूर्ण वेळ असेन, जिजाजींना सांग माझ्याशी आधी बोलायचं. डिसेंबरच्या लग्नाला मात्र येणार म्हणजे येणार. इथला तो ऐन सीझन आहे तरी शेफशी बोललोय, नाही म्हणाला नाही, लेखी अजून दिलेलं नाही. हळदीच्या आदल्या दिवशी तरी पोचेन.

मावशीला सांगा, त्या फोटोतली मुलगी लंबूची मोठी बहीण आहे, तिचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. माझा बायोडेटा एवढ्यात कुठे देऊ नका, आधी ताईचं होऊ दे. आई, नकार नाहीये हा, फक्त थांबा म्हणतोय.

बाबा, फ्लॅटचा हप्ता नेहमीप्रमाणे पाच तारखेला येईल. हॉलच्या ॲडव्हान्सचे पन्नास हजार म्हणालो होतो, त्यातले तीस आत्ता पाठवतोय, वीस पुढच्या पगारावर. लंबूच्या रॅम्पच्या लाकडाला थोडे दिले मी, माझ्या खर्चातून, तुमच्यातून नाही, पण त्यामुळे या महिन्यात हात आखडलाय. हॉलवाल्याला सांगा सोमवारपर्यंत तीस मिळतील, तारीख सोडू नकोस. ऐकत नसेल तर मला त्याचा नंबर पाठवा, मीच बोलतो.

तुमचा
बाळ्या