फळा न पुसल्याबद्दल

आदरणीय शिपाईमामा,
सादर नमस्कार.

परवा तुमच्या निरोप समारंभात आभारप्रदर्शनाचे काम माझ्याकडे होते. मी अध्यक्षांचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचेही मानले, आणि शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसलेल्या तुम्हाला मात्र ‘प्रदीर्घ सेवेबद्दल’ एवढ्या दोन शब्दांत उरकले. घरी आल्यावर त्याची लाज वाटली. हे पत्र मी उघड लिहिते आहे, कारण आपल्या गणित मंडळाचे जे कौतुक झाले ते सगळे माझ्या एकटीच्या खात्यावर जमा झाले आहे आणि ती नोंद चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवी.

गणित मंडळ शाळांना नवे नाही. वार्षिक नियोजनाच्या कागदावर ते असतेच. याआधी मी ज्या शाळेत होते तिथेही होते. 22 डिसेंबरला रामानुजन यांच्या प्रतिमेला हार घालायचा, राष्ट्रीय गणित दिनाचा फोटो काढायचा, आणि 23 तारखेपासून मंडळ पुढच्या डिसेंबरपर्यंत कपाटात. शिष्यवृत्तीच्या जादा तासांना तिथे केव्हाही खोली मिळे. पण गुणांची भीती न दाखवता मुलांना आठवड्यातून एकदा एखादे कोडे घेऊन बसू द्यावे असे मी सुचवले, तेव्हा ‘याचा निकालाला काय उपयोग?’ एवढेच विचारले गेले. विचारणारे स्वतः गणिताचे पदवीधर होते, हे मला अजून विसरता आलेले नाही.

आपल्या शाळेत परवानगी लगेच मिळाली, अडले ते कुलपापाशी. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची एसटी एक वाजता असते. मधला दीड तास ती मुले स्टँडवर काढत. तो वेळ मी मंडळासाठी मागितला, तर साडेअकरानंतर वर्ग उघडा ठेवून थांबायचे कोणी, यावर सगळे गप्प झाले. चहाचे कप गोळा करत तुम्ही म्हणालात, “मी थांबतो की, बाई.” शनिवारची दुपार ही तुमची शेतावर जायची वेळ होती, हे मला कितीतरी महिन्यांनी, तेही दुसऱ्यांकडून कळले.

पहिल्या शनिवारी नऊ मुले आली. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळत राहिलेल्या द. रा. कापरेकरांचा 6174 त्यांना दाखवला: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचे, फार तर सात वजाबाक्यांत 6174 समोर येते. पुढच्या शनिवारी मुले एसटीच्या पाट्यांवरचे नंबर वहीत उतरवून आली, आणि येताना मित्रांनाही घेऊन आली. मंडळ कसे वाढले याचे एवढेच रहस्य आहे.

पण मला सांगायचे आहे ते 27 या संख्येबद्दल. संख्या सम असली तर निम्मी करायची, विषम असली तर तिप्पट करून एक मिळवायचा, आणि असे करत शेवटी एकवर पोहोचतो का ते पाहायचे, असा तो लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. प्रत्येक संख्या एकवर येतेच, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. 26 दहा पायऱ्यांत एकवर आली, म्हणून मुलांनी निर्धास्तपणे 27 घेतली आणि ती काही खाली येईना. त्रेसष्टाव्या पायरीला, 3238 वर, एसटीची वेळ झाली आणि मुले दप्तरे उचलून पळाली.

सोमवारी परिपाठाआधी तुम्ही सगळे फळे ओल्या फडक्याने पुसता, म्हणून 27 चे ते आकडेही गेले असे मी गृहीत धरले होते. वर्गात शिरले तर फळा जसाच्या तसा होता. कोणाचा खांदा घासू नये म्हणून पुढे एक बाक आडवा लावला होता आणि कोपऱ्यात तुमच्या अक्षरात लिहिले होते: ‘पोरांचं काम चालू आहे. पुसू नये.’ दुपारी घंटा देऊन परतताना तुम्ही दारात थांबून विचारलेत, “बाई, ते आलं का हो एकावर?”

मामा, इतक्या वर्षांत त्या मुलांच्या गणिताबद्दल मला एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. किती गुण, कितवा क्रमांक, हे सगळे विचारतात. दुसऱ्याचे काम अपुरे आहे हे ओळखून त्याला हात न लावणे आणि पुढे काय झाले याची खरीखुरी उत्सुकता असणे, हा सज्जनपणा शिकलेल्या माणसांत मला फार कमी दिसला आहे; मी स्वतः कितीदा मुलांची अर्धी उदाहरणे पुसून तिथे माझे उत्तर लिहिले असेल, याचा हिशेब न केलेलाच बरा.

पुढच्या शनिवारी 27 आधी 9232 पर्यंत चढली आणि मग उतरत उतरत 111 व्या पायरीला एकवर आली. मुलांनी तुम्हाला हाताला धरून आत आणले होते, शेवटचा आकडा तुमच्याकडून लिहून घ्यायला.

आता 97 घेतली आहे. किती पायऱ्या लागतील याचे अंदाज मुलांनी फळ्याच्या कडेला आपापल्या नावापुढे लिहून ठेवले आहेत. ‘मामा’ या नावापुढची जागा रिकामी आहे, तेवढा आकडा शनिवारच्या आत कळवावा.

आपली,
गणिताच्या बाई